पहारा : प्रतिकारशक्ती शिकवणारा पत्त्यांचा डाव (प्रकल्प नोंदी)

२१ जून २०२५

शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नाही. नववीला फळ्यावर एकच प्रश्न लिहून दिला : लस टोचल्यावर शरीरात काय काय घडतं? उत्तरं कागदावर घेतली. 'रोगप्रतिकारशक्ती वाढते' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक कागदावर आहे. वाढते म्हणजे नेमकं काय होतं, असं विचारल्यावर वर्ग चिडीचूप.

हीच मुलं दुसरीत असताना, नोव्हेंबर २०१८ मध्ये, गोवर-रुबेलाची मोहीम शाळेत आली होती. रांगेत कोण रडलं, कोण पळालं हे त्यांना अजून आठवतं. पुढे कोविड आला आणि अँटिबॉडी हा शब्द घराघरात गेला. तेव्हा शब्दांची वानवा नाही. पांढऱ्या पेशी, प्रतिजन (जंतूवरची ओळखखूण), प्रतिपिंड (म्हणजेच अँटिबॉडी), सगळं पाठ आहे. पण आधी कोण धावून येतं, मग कोण, कुणाला किती दिवस लागतात आणि तोवर शरीर कसं तग धरतं, हे सलग सांगणारं कुणी सापडलं नाही. पुस्तकातल्या आकृतीत बाण असतात, त्या बाणांवर दिवस लिहिलेले नसतात.

डावात वेळ असतो. पाळी येईपर्यंत थांबावं लागतं, हातात नसलेलं पान खेळता येत नाही. सांगलीकडची मुलं मेंढीकोट बघत-खेळत मोठी होतात. उतारी, हुकूम, कोट हे त्यांना शिकवावं लागत नाही. म्हणून यंदा पत्त्यांचा डाव बनवायचा. स्वतःला अट एकच घातली आहे : पानावरचा मजकूर बोटाने झाकला तरी जीवशास्त्र नियमांतून कळलं पाहिजे. पानावर माहिती छापायची आणि खेळ मात्र साध्या रमीचा ठेवायचा, अशाने मुलं रमी खेळतात, माहिती कुणी वाचत नाही.

५ जुलै

आराखडा झाला. चौघांचा डाव. एक जण जंतू, बाकीचे तिघे मिळून एक शरीर. एक फेरी म्हणजे एक दिवस. जंतू म्हणजे चिंचोके, शरीराची ताकद म्हणजे शर्टाची १२ बटणं. दिवस संपला की पटावर उरलेले चिंचोके दुप्पट होतात. चिंचोके ३२ च्या वर गेले किंवा बटणं संपली की शरीर हरलं.

पहिला खेळाडू दारं सांभाळतो : कातडी, नाकातला शेंबूड, जठरातलं आम्ल, डोळ्यांच्या पाण्यातलं लायसोझाइम. दुसऱ्याकडे पहिली फळी : मॅक्रोफेज म्हणजे भक्षक पेशी, न्यूट्रोफिल आणि ताप. मॅक्रोफेजचं पान पटावर कायम राहतं, दिवसाला एक चिंचोका खातं. न्यूट्रोफिल एकदम तीन खातं आणि मरतं. ते पान 'पू' लिहिलेल्या ढिगात जातं. पिकलेल्या गळवातून येणारा पू बराचसा मेलेल्या न्यूट्रोफिलचाच असतो. ते वेगळं सांगावं लागत नाही, ढीग समोर वाढताना दिसतो. ताप खेळला की त्या रात्री जंतूंची वाढ निम्मीच होते, पण शरीराचं एक बटण जातं. तिसऱ्या खेळाडूकडे बी आणि टी पेशींचं, म्हणजे ठरावीक जंतूच ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींचं खास पथक.

आज शनिवारची शाळा सुटल्यावर चार मुलींना बसवलं आणि बाकी सगळं बाजूला ठेवून पटावर फक्त एक मॅक्रोफेज दिला. दोन चिंचोके शिरले. एक खाल्ला, एक उरला, रात्रीत त्याचे दोन झाले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. "मॅडम, हे संपतच नाही." मग तीन चिंचोके शिरवले. एक खाल्ला, दोन उरले, चार झाले. मग सहा, दहा, अठरा, आणि पाचव्या रात्री चौतीस. शरीर गेलं.

चौघी पटाकडे बघत राहिल्या. फरक एकाच चिंचोक्याचा होता. एकीने पुन्हा तीन मांडून स्वतः मोजून पाहिलं आणि म्हणाली, "म्हंजे आत किती शिरले ह्यावरच हाय सगळं." जंतूंची मात्रा या विषयावर मी आजवर जेवढं बोलले असेन त्यापेक्षा ते वाक्य पक्कं आहे. हात धुऊन सगळे जंतू जात नाहीत, तरी हात का धुवायचे, हेही तिथेच निघालं. दारांची पानं मुली आधी 'फुसकी' म्हणत होत्या; आता ती कुणी टाकून देत नाही.

१२ जुलै

खास पथकाची पानं. चित्रकलेच्या सरांनी हे काम फार मनावर घेतलं. जंतूच्या पानाच्या कडेवर अर्धी नक्षी, बी पेशीच्या पानावर उरलेली अर्धी. दोन्ही कडा जुळल्या आणि नक्षी पूर्ण झाली तरच ती पेशी त्या जंतूला धरू शकते. महागडं खाचांचं कटिंग वाचलं.

नक्षी मुलांनीच छापली, भेंडीच्या आणि बटाट्याच्या ठशांनी. डावीकडचे सहा ठसे, उजवीकडचे सहा. डावीकडचा कोणताही, उजवीकडचा कोणताही. १२ ठशांतून ३६ वेगवेगळ्या पेशी झाल्या. शरीरातही असंच आहे : प्रतिपिंडं बी पेशी बनवतात, पण प्रत्येक प्रतिपिंडासाठी स्वतंत्र जनुक ठेवायला जागा नाही, म्हणून थोड्या जनुक-तुकड्यांच्या जोड्या लावून कोट्यवधी प्रकारच्या बी पेशी तयार होतात. सुसुमु तोनेगावा यांना याच शोधासाठी १९८७ चं नोबेल मिळालं. हाताला शाई लागलेली मुलं हे ऐकताना नुसती मान डोलवत नव्हती, जोड्या मोजत होती.

मग महत्त्वाचा प्रश्न आला. "जंतू आल्यावर त्याची नक्षी बघून ठसा मारायचा का?" नाही, गड्डी आधीच तयार असते. जंतू यायच्या आधी, तो कधी येणारच नसला तरीही. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये हीच कल्पना मांडली : शरीर मागणीनुसार प्रतिपिंड घडवत नाही, असलेल्यांतून जुळणारी पेशी निवडतं आणि तिचीच पिल्लावळ वाढवतं. म्हणून नियम असा केला की ३६ पानं डाव सुरू व्हायच्या आधी पिसून पालथी ठेवायची आणि रोज सहा उलटायची. नशीब असेल तर पहिल्याच दिवशी, नसेल तर सहाव्या दिवशी जुळणारी पेशी सापडते. तिच्या शेजारी साहाय्यक टी पेशीचं पान ठेवल्याशिवाय ती कामाला लागत नाही, आणि त्यानंतर तयारीचे दोन दिवस. एवढा काळ पहिल्या फळीने रेटायचा. आठवडाभर आजारी पडून मग बरं वाटायला का लागतं, याचं गणित पटावर मांडलेलं आहे.

१९ जुलै

आज सगळ्यात जास्त वाद झाला, आणि सगळ्यात चांगला तास झाला.

मुलांच्या मनात प्रतिपिंड म्हणजे बंदूक. प्रतिपिंडाचं पान पडलं की चिंचोके उचलायचे, असा त्यांचा आग्रह. मी नियम असा ठेवला आहे की प्रतिपिंड एकही चिंचोका उचलू शकत नाही. ते चिंचोक्यावर पांढरी टिकली चिकटवतं. टिकली लागलेला चिंचोका शरीराच्या पेशीत शिरू शकत नाही आणि मॅक्रोफेज असे टिकलीवाले दिवसाला चार खातो. प्रतिपिंड जंतूला अडवतं, खूण करतं, खाणाऱ्याला पकड देतं. फडशा बहुतेकदा दुसरंच कुणी पाडतं. खुणेमुळे रक्तातली पूरक प्रथिनं जागी होऊन जंतूला भोकंही पाडतात, पण ते पान दहावीसाठी राखून ठेवलं आहे.

"मग मॅक्रोफेज नसला तर टिकल्या लावून उपयोग काय?" एका मुलाने विचारलं. हाच प्रश्न मला हवा होता. पहिली फळी आणि खास पथक हे पुस्तकात दोन वेगळे मुद्दे असतात. या डावात एकाशिवाय दुसऱ्याचं भागत नाही.

विषाणूचं पानही आजच आणलं. विषाणूचे चिंचोके वाटीखाली, म्हणजे पेशीच्या आत लपतात. तिथे टिकली पोचत नाही. मारक टी पेशी खेळली तर वाटीसकट सगळं उचलायचं, पण वाटी शरीराची, म्हणून एक बटण द्यायचं. मुलं घुटमळली. "आपलीच पेशी मारायची व्हय?" हो, तीच मारायची, नाहीतर उद्या त्या वाटीतून आठ बाहेर पडतील. विषाणूच्या दुखण्यात अंग इतकं का मोडून येतं, याचा काही भाग तरी इथे हाताला लागतो.

२ ऑगस्ट

मंगळवारी नागपंचमी झाली. बत्तीस शिराळा आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे वर्गात चार दिवस दुसरा विषय नाही. त्याचा फायदा घेतला आणि सीरमची, म्हणजे बाहेरून टोचलेल्या तयार प्रतिपिंडांची पानं आणली.

सर्पदंशावरचं इंजेक्शन घोड्याकडून येतं हे बऱ्याच जणांना नवीन होतं. घोड्याला विषाच्या थोड्याथोड्या मात्रा टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, ती काढून शुद्ध करतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेत हे काम वर्षानुवर्षं झालेलं आहे. आपल्याकडचं बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालतं. पद्धत मात्र जुनी : घटसर्प आणि धनुर्वाताच्या विषावर असा उतारा चालतो हे बेहरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये दाखवलं.

डावातला नियम : सीरमचं पान खेळलं की टिकल्या त्याच दिवशी मिळतात, शोधाशोध नाही, तयारी नाही. पण तीन दिवसांनी त्या सगळ्या काढून घ्यायच्या आणि 'आठवण' रांगेत काहीही ठेवायचं नाही. लसीचं पान नेमकं उलटं : आज काहीच हाती लागत नाही, शोध आणि तयारी पूर्ण करावी लागते, पण शेवटी ते पान आठवण रांगेत कायमचं उघडं राहतं. दुसऱ्यांदा तोच जंतू आला की शोध शून्य, तयारी एक दिवस.

मग कुत्रं चावल्याचा, म्हणजे रेबीजचा डाव खेळायला दिला, कुठलं पान आधी खेळायचं ते न सांगता. पहिल्या गटाने नुसती लस घेतली आणि तयारी व्हायच्या आत हरला. दुसऱ्याने नुसतं सीरम घेतलं. टिकल्या संपल्या आणि लपलेला विषाणू बाहेर आला. तिसऱ्या गटाने आपसांत कुजबुजून दोन्ही एकदम खेळली. दवाखान्यात खोल चावा असेल तर हेच करतात : पहिल्याच दिवशी जखमेत तयार प्रतिपिंडं आणि दंडात लस, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लस. पहिल्या डोसानंतर सात दिवस उलटले की तयार प्रतिपिंडं देत नाहीत, कारण तोवर शरीराची स्वतःची यायला लागलेली असतात. एका मुलाच्या भावाला हा सगळा कोर्स झालेला आहे. तो म्हणाला, घरच्यांनी जखम बरी झाल्यावर उरलेल्या सुया चुकवायचं ठरवलं होतं. आज घरी जाऊन तो स्वतः पट मांडणार आहे.

२० ऑगस्ट

कोयनेतून पाणी सोडलंय, सगळ्यांचं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे. नदीकाठची मुलं आलेली नाहीत, प्रकल्पाचा तास नाही. लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस या तापाचं) पान मात्र लिहून ठेवलं : उंदराच्या मुतातून पाण्यात, तिथून पायाच्या भेगेतून आत. कातडीचं पान पटावर असूनही 'भेग' खेळली की दार उघडं. हे पान सांगलीच्या संचात हवंच.

१३ सप्टेंबर

पालकसभा. एका वडिलांनी उभं राहून विचारलं की शाळेत पत्ते कशाला? पैशाच्या डावाने बसलेली घरं आम्ही गावात पाहिलीत. त्यांचं म्हणणं रास्त आहे आणि ते तसंच मान्य केलं. संचात राजा-राणी-गुलाम नाहीत, पैज नाही, आणि चिंचोके जिंकून कुणाच्या खिशात जात नाहीत. तरीही ज्यांना नको त्यांच्या मुलांसाठी तोच पट फाशाने खेळायची सोय ठेवली आहे. त्यांना समोर बसवून एक डाव खेळून दाखवला.

सभेला आलेल्या एका आजींनी दंडावरचा देवीच्या लशीचा वण दाखवला. मुलांच्या दंडावर बीसीजीचा वण, आजींच्या दंडावर देवीचा. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ मधला, आणि १९८० मध्ये जगातून रोग गेल्याचं जाहीर झालं. म्हणून मुलांच्या दंडावर तो वण नाही. देवीचं पान संचात घालावं का, यावर मुलांनी मत दिलं : घालावं, पण काळ्या चौकटीत, खेळता न येणारं.

७ ऑक्टोबर

काल वैद्यकाचं नोबेल जाहीर झालं : मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची. विषय आमच्याच पटावरचा! पहिल्या चाचणीपासून मुलं विचारत होती की इतक्या नक्षी असतील तर एखादी आपल्याच अंगाशी जुळणार नाही का? जुळते. त्यातल्या बऱ्याचशा पेशी तयार होतानाच बाद केल्या जातात, टी पेशींची ही चाळणी छातीतल्या थायमस ग्रंथीत होते. पण काही निसटतात. त्यांना आवर घालणाऱ्या वेगळ्या टी पेशी असतात, हे साकागुचींनी १९९५ मध्ये दाखवलं. ब्रंको आणि रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये आजारी उंदरांच्या एका वाणात बिघडलेलं जनुक शोधलं, फॉक्सपी३. माणसात ते बिघडलं तर लहान मुलांना जीवघेणा स्वप्रतिकार रोग होतो, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते. या जनुकाच्या जोरावरच आवर घालणाऱ्या पेशी तयार होतात, हा दुवा पुढे जुळला.

आजच्या तासाला वर्तमानपत्र वर्गात नेलं आणि 'आवर' नावाचं पान तिथेच बनवलं. नियम : डावाच्या आधी शरीराने स्वतःच्या तीन नक्षी जाहीर करायच्या. रोजची पानं उलटताना त्यांपैकी एखादी उघडी पडली आणि हातात 'आवर' नसेल, तर दर दिवशी एक बटण जातं, जंतू पटावर नसला तरी. आणि 'आवर' जास्त खेळलं तर खरा जंतू आला तरी खास पथक हलत नाही. यामुळे डाव कठीण झाला. मुलांना तो जास्त आवडला. 'इम्युनिटी वाढवा' अशा जाहिरातींचा विषय त्यांनी नंतर स्वतःहून काढला आणि विचारलं, "मॅडम, नुसतीच वाढवली तर बटणं नाही का जाणार?"

८ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली, कारखान्यांचा हंगाम सुरू झाला. फडावर ऊसतोडीच्या टोळ्या आल्यात आणि त्यांची काही मुलं आमच्या वर्गात बसताहेत. त्यांच्यातल्या एका मुलीला चार महिने इथे, आठ महिने तिकडे असं असल्यामुळे कुठल्या लशी झाल्या हे घरी कुणाला नक्की सांगता येत नाही.

या आठवड्यात गोवराचं पान पूर्ण केलं. गोवर झालेला एक माणूस, आजूबाजूला कुणालाच संरक्षण नसेल तर, १२ ते १८ जणांना तो देतो. म्हणून वस्तीत शंभरातल्या ९५ जणांना संरक्षण असावं लागतं. पण पटावर त्याचा खरा घाव वेगळा आहे. गोवर आठवण पेशींनाच, म्हणजे जुना जंतू लक्षात ठेवणाऱ्या पेशींनाच गाठतो. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोवरानंतर त्यांच्या प्रतिपिंडांच्या साठ्यातला ११ ते ७३ टक्के भाग नाहीसा झाला होता. नियम सोपा : गोवर पटावर आला की आठवण रांगेतली निम्मी पानं पालथी करून गड्डीत मिसळायची.

आज हा डाव लागला तेव्हा त्या मुलीच्या गटाची रांग चार डावांत कमावलेली होती. दोन पानं गेली. ती पानं हातात धरून तिने विचारलं, ही परत मिळवायची तर? परत आजारी पडून, किंवा परत टोचून. तिच्या आईशी आणि आशाताईंशी बोलणं झालंय, सोमवारी उपकेंद्रात जायचं आहे.

२९ नोव्हेंबर

छपाई. सांगलीतल्या छापखान्यात ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन, गोल कोपरे. १३ बाय १९ इंचांच्या एका शीटवर २५ पानं. ठशांची नक्षी स्कॅन करून तशीच वापरली, संगणकावर 'सुधारली' नाही.

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या माजी विद्यार्थिनीने सगळे नियम वाचून दिले. तिने एक भर घातली : धनुर्वाताचा जंतू मारून भागत नाही, त्याचं विष आधी निकामी करावं लागतं. म्हणून दहाव्या आणि सोळाव्या वर्षी शाळेत मिळणाऱ्या टीडीच्या (धनुर्वात-घटसर्पाच्या लशीच्या) इंजेक्शनचं पान आता चिंचोक्यांवर टिकली लावत नाही, विषाच्या लाल मण्यांवर लावतं. दहावीची मुलं या वयाच्या उंबरठ्यावरच आहेत, त्यांना हे पान सगळ्यात आधी खेळायला देणार.

१३ डिसेंबर

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन. दोन पट मांडले आणि मुलांना मुद्दाम सांगितलं की समजावून सांगू नका, बसवा आणि खेळवा. परीक्षकही बसले. त्यांतल्या एकांनी न्यूट्रोफिल तिसऱ्या दिवसापर्यंत जपून ठेवला आणि हरले, जंतू खेळणाऱ्या आठवीतल्या मुलीने त्यांना सांगितलं, "सर, ते राखून ठेवायचं पान नाही, लगेच टाकायचं."

जंतू खेळणाऱ्यांनी आज स्वतःची एक मागणी लेखी दिली. शरीराकडे आठवण असली की तोच जंतू खेळण्यात अर्थ राहत नाही, तेव्हा आम्हाला नक्षीची एक बाजू बदलू द्या. फ्लूचा विषाणू दरवर्षी हेच करतो आणि त्याची लस म्हणूनच पुन्हा पुन्हा बदलावी लागते. मागणी मंजूर. नक्षी बदलली तर जुन्या आठवणीचा अर्धा उपयोग व्हावा की अजिबात नाही, यावर मुलांचे दोन तट पडलेत. दोन्ही नियम जानेवारीत आठवीच्या दोन तुकड्यांत वेगवेगळे खेळवून बघू. ॲलर्जीचं पान तोवर तयार व्हायला हवं. शेजारच्या गावच्या शाळेला एक संच दिलाय, चिंचोके त्यांनी त्यांचे गोळा करायचे आहेत.